लाकडाचा रंग आणि लाकडावरील रंग : नागपूर परिसरातील काष्ठरंजनाचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

लाकडी वस्तूला रंगाने शोभा आणण्याच्या दोन पद्धती इतिहासात दिसतात. एका पद्धतीत रंग लाकडाच्या अंगात असतो किंवा मुरवला जातो. दुसऱ्या पद्धतीत तो तयार पृष्ठभागावर लेपाच्या रूपाने बसवला जातो. या दोन पद्धतींमधील भेद अभिरुचीपेक्षा कामाच्या क्रमाशी, म्हणजे घासणी आधी की रंग आधी या प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. नागपूरच्या तान्हा पोळ्यातील लाकडी बैल, विदर्भातील लाख आणि सावंतवाडीचे लाखकाम ही उदाहरणे मुख्यतः विचारात घेतली असून, नौकाबांधणीतील समांतर प्रश्नाचाही परामर्श घेतला आहे. एकोणिसाव्या शतकातील कृत्रिम रंगांच्या आगमनाने या व्यवसायातील श्रमविभागणी कशी बदलली, याची मीमांसा हा लेखाचा प्रमुख हेतू आहे.

बीजशब्द : काष्ठरंजन, लाख, तान्हा पोळा, चितारी, कृत्रिम रंग, नौकाबांधणी.

१. प्रस्तावना

श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. पोळ्याच्या दिवशी खऱ्या बैलांची पूजा होते. त्यांच्या शिंगांना हिंगूळ किंवा वार्निश लावतात, बेगड चिकटवतात, अंगावर गेरूचे ठिपके देतात, पाठीवर झूल घालतात. तान्हा पोळ्याला हाच साज लाकडी बैलावर उतरतो. चाकांच्या पाटावर उभा केलेला नंदीबैल दोरीने ओढत मुले घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात. या प्रथेचे श्रेय परंपरेने नागपूरचे द्वितीय रघुजी भोसले (मृत्यू १८१६) यांना दिले जाते व तिचा आरंभ १८०६ मध्ये झाला, असे सांगितले जाते. शेतकऱ्याच्या सणात शहरातील मुलांनाही सहभागी होता यावे, हा तिचा सामाजिक आशय सहज ध्यानात येतो.

बाजारात या बैलांचे दोन प्रकार मांडलेले असतात. पहिल्या प्रकारात बैल पूर्णपणे रंगवलेला असतो : अंग पांढरे, शिंगे लाल किंवा सोनेरी, डोळे काळे, झुलीवर वेलबुट्टी. दुसऱ्या प्रकारात सागवानाची नस न झाकता केवळ पॉलिश केलेले असते व शोभा लाकडाच्या स्वतःच्या रेषांतून येते. एकाच सणासाठी, एकाच बाजारात, एकाच आकाराच्या वस्तूला दिलेली ही दोन भिन्न उत्तरे आहेत. लाकडाचा रंग दाखवावा की लाकडावर रंग दाखवावा, या प्रश्नाचा इतिहास त्यांच्यामागे उभा आहे.

मराठी कलेतिहासात भित्तिचित्रे, लघुचित्रे व वाड्यांवरील कोरीव काम यांचा अभ्यास बऱ्यापैकी झालेला आहे. लाकूड रंगवणाऱ्या हातांचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. सुताराच्या कामाकडे रचना म्हणून आणि चित्रकाराच्या कामाकडे कला म्हणून पाहण्याची सवय जडल्याने या दोहोंच्या मधला व्यवसाय अभ्यासकांच्या नजरेतून निसटला, असे म्हणता येईल.

२. प्राचीन ग्रंथांतील काष्ठ आणि वर्ण

लाकूड व रंग यांचा एकत्र विचार भारतीय ग्रंथपरंपरेत नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाचे पाठ आले आहेत. देवालये, मूर्ती व भिंती यांवर लावावयाच्या या टिकाऊ लेपांच्या घटकद्रव्यांत निरनिराळी फळे, डिंक, राळ यांबरोबर लाखेचाही समावेश आहे. लाख हे केवळ रंगद्रव्य नसून बंधक व संरक्षक द्रव्य आहे, ही जाण त्यात दिसते.

नौकांच्या बाबतीत धारच्या भोजराजाच्या नावावर असलेला अकराव्या शतकातील युक्तिकल्पतरू हा ग्रंथ विशेष महत्त्वाचा आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासामुळे त्यातील माहिती आधुनिक वाचकांसमोर आली. या ग्रंथात नौकेसाठी योग्य लाकडांचे वर्गीकरण आहे. त्याचबरोबर रंगांचाही विधी आहे : चार डोलकाठ्यांची नौका पांढरी, तीन डोलकाठ्यांची तांबडी, दोन डोलकाठ्यांची पिवळी आणि एका डोलकाठीची निळी असावी. नाळेला सिंह, महिष, सर्प, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक अथवा मनुष्य यांच्या मुखाचा आकार द्यावा, असेही त्यात सांगितले आहे.

हा विधी प्रत्यक्षात कितपत पाळला जात होता, हा वेगळा प्रश्न. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ग्रंथकाराने लाकडाची जात आणि नौकेचा रंग ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानली आहेत. लाकूड निवडताना बळ, वजन व टिकाऊपणा पाहावयाचा. रंग निवडताना नौकेचा दर्जा पाहावयाचा. या दृष्टीत रंग ही लाकडाची नव्हे, तर वस्तूची ओळख आहे. तान्हा पोळ्याचा पांढरा बैल याच दृष्टीचा वारसदार ठरतो. त्याच्या अंगाखाली कोणते लाकूड आहे, हे पाहणाऱ्याला कळण्याची गरज नसते.

३. लाख : विदर्भाच्या जंगलातील रंग

लाख हे एका सूक्ष्म कीटकाचे स्रवण होय. पळस, कुसुम व बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक वाढतात. पूर्व विदर्भातील गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात ही झाडे विपुल असून तेथे लाखेचे उत्पादन होते. पळस व बोरीवरील पीक रंगीनी, तर कुसुमावरील पीक कुसुमी या नावाने ओळखले जाते. फांदीवरून खरवडलेली कच्ची लाख धुतली की तिच्यातून तांबडा रंग पाण्यात उतरतो. मागे उरलेली राळ वितळवून व ताणून चपडा तयार करतात. एकाच पिकातून रंग आणि लेप अशी दोन द्रव्ये मिळतात, हे लाखेचे वैशिष्ट्य होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखेचा तांबडा रंग हा भारताच्या निर्यातीतील एक महत्त्वाचा जिन्नस होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने डांबरापासून जांभळा रंग तयार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मॅजेन्टा बाजारात आला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य, म्हणजे अलिझारीन, प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर विक्रीस आली. चाळीस वर्षांच्या अवधीत तांबडा व निळा या दोन्ही प्रमुख रंगांचा वनस्पतिज व कीटकज आधार ढासळला. मध्य प्रांताच्या उत्तर भागात आलीच्या मुळांपासून तांबडा रंग काढला जात असे. ती शेतीही याच स्पर्धेत मागे पडली.

लाखेची कथा मात्र थोडी निराळी आहे. तिचा रंग बाजारातून गेला, पण राळ टिकली. वार्निश, मोहोर करण्याची लाख आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्या यांसाठी चपड्याला मोठी मागणी राहिली. परिणामी लाख धुताना निघणारे तांबडे पाणी, जे पूर्वी विक्रीचा माल होते, ते टाकाऊ ठरले. १९२० च्या दशकात रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, यावरून या पिकाचे आर्थिक महत्त्व लक्षात येते. लाकडाच्या दृष्टीने पाहता या घडामोडीचा अर्थ असा की, सुताराच्या हाती लाखेचा पारदर्शक लेप राहिला आणि लाखेचा रंग निघून गेला. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश हे सागवानी बैलाच्या तकाकीमागील परंपरागत द्रव्य आहे. म्हणजे नैसर्गिक दिसणारा हा बैलदेखील लाखेच्या अर्ध्या इतिहासाचाच वारसा सांगतो.

४. कामाचा क्रम आणि श्रमविभागणी

काष्ठरंजनाच्या पद्धती समजून घेण्यासाठी एक साधा प्रश्न उपयोगी पडतो : वस्तू गुळगुळीत करण्याचे काम रंगापूर्वी होते की रंगानंतर?

सावंतवाडीच्या लाखकामात घासणी आधी होते. पांगारा किंवा आंब्याच्या लाकडाची वस्तू कातकामाच्या यंत्रावर फिरवून गोल व गुळगुळीत करतात. नंतर रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर बसतो. शेवटी केवड्याच्या पानाने घोटून तकाकी आणतात. तांबड्या, हिरव्या, पिवळ्या, काळ्या पट्ट्या एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी उमटतात, कारण प्रत्येक रंग घन कांडीतून येतो आणि थंड होताच स्थिरावतो. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांची कृतीही मूलतः हीच आहे. तेथे वापरले जाणारे काळ्या कुड्याचे फिकट लाकूड विदर्भाच्या शुष्क पानझडी जंगलांतही आढळते. या झाडाच्या पानांपासून एके काळी निळा रंग काढला जात असे, ही गोष्ट या संदर्भात उद्बोधक आहे.

चितारीच्या कामातही रंग शेवटीच येतो, पण तो कुंचल्याने दिला जातो. लाकडाच्या भेगा व गाठी लांबीने भरायच्या, अस्तराचा हात द्यायचा, घासायचे आणि मग रंग चढवायचा. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिलेल्या १९१६ मधील ग्रंथात चितारींची नोंद लाकूड व गिलावा यांवर रंगकाम करणारी जात अशी आहे. नागपूरच्या महाल भागातील चितारओळी हे नाव या व्यवसायाची आठवण आजही बाळगून आहे, जरी तेथील ख्याती आता प्रामुख्याने मातीच्या मूर्तींसाठी असली तरी. घासणीनंतर रंग येतो तेथे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते. सुतार आपले काम पूर्ण करतो आणि चितारी आपले काम सुरू करतो. सुतार व चितारी हे दोन वेगळे व्यवसाय म्हणून स्थिरावण्यास हा क्रम अनुकूल ठरला, असा निष्कर्ष काढता येतो.

जडावकामात क्रम उलटा होतो. म्हैसूरच्या शिसवी जडावकामात निरनिराळ्या लाकडांचे तुकडे मूळ फळीत बसवल्यानंतर सारा पृष्ठभाग एकत्र घासला जातो. रंग आधी आणि घासणी नंतर, अशा कामात वरवर दिलेला रंग टिकूच शकत नाही. तो रंध्याखाली निघून जातो. त्यामुळे कारागिराला फणसाचा पिवळा, शिसवीचा काळसर जांभळा असे लाकडाचेच रंग निवडावे लागतात, किंवा लाकूड अंतर्बाह्य रंगवून घ्यावे लागते. इटलीतील पंधराव्या-सोळाव्या शतकांतील जडावकारांपुढेही हाच प्रश्न होता. फ्रा जोव्हान्नी दा वेरोना हा लाकडाचे तुकडे रंगद्रव्यांत उकळून व मुरणाऱ्या तेलांनी रंगवीत असे, असे व्हासारीने नोंदवले आहे. हिरव्या रंगासाठी तर बुरशीने नैसर्गिकपणे हिरवे झालेले लाकूड शोधून वापरले जाई. अशा कामात लाकूड ओळखणारा आणि रंग ओळखणारा हात एकच असावा लागतो.

५. नौकाबांधणीतील समांतर प्रश्न

हा प्रश्न आधुनिक काळात सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो घरगुती नौकाबांधणीत. कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील लोकांची, सांगाड्यावर कातडे ताणून केलेली अरुंद होडी. अरुंद लाकडी पट्ट्या कडेला कड जोडून होडी घडवण्याची रीत कॅनडातील पीटरबरो येथे एकोणिसाव्या शतकात विकसित झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचतंतूंचे कापड व इपॉक्सी यांची जोड मिळाल्यावर ती हौशी बांधकाम करणाऱ्यांच्या आवाक्यात आली आणि कयाकसाठीही रूढ झाली. सुमारे ६ मिलिमीटर जाड व १८ ते २० मिलिमीटर रुंद अशा पट्ट्या साच्यांवर वाकवून चिकटवायच्या, संपूर्ण कवच घासून गुळगुळीत करायचे आणि त्यावर पारदर्शक लेप द्यायचा, अशी ही कृती आहे. लेप पारदर्शक असल्याने लाकूड दिसत राहते. म्हणून शोभेच्या रेषा काढायच्या तर वेगळ्या रंगाच्या पट्ट्या कवचातच बसवाव्या लागतात.

क्रमाच्या दृष्टीने ही कृती जडावकामाच्या जातीची आहे. पट्टी आधी रंगवून बसवली आणि नंतर घासली, तर वरचा रंग निघून जातो. लाकडातील वाहिन्या लांबीच्या दिशेने धावतात. त्यामुळे रंगाचे द्रावण टोकाकडून लवकर शिरते, पण बाजूने फार थोडे मुरते. लांब पट्टी रंगात बुडवूनही तिचा गाभा कोराच राहण्याचा संभव असतो. घासणीनंतर रंगवावे, तर रंग शेजारच्या पट्टीत पसरतो. रंग पातळ लाकडात मुरला तरी सूर्यप्रकाशाने तो फिका पडण्याची भीती उरते. या अडचणींमुळे कित्येक बांधकाम करणारे रंग देण्याऐवजी लाल सिडार, पिवळे सिडार, अक्रोड अशा निसर्गतः भिन्न वर्णांच्या लाकडांची निवड करतात. रंगवायचेच ठरले, तर फिकट व समरंध्र लाकडाची पातळ पट्टी घेऊन ती दीर्घकाळ भिजवतात आणि घासणीस वाव ठेवतात.

विदर्भातील लाकडांच्या संदर्भात ही तुलना अर्थपूर्ण ठरते. सागवान टिकाऊ असले तरी त्यातील तैलद्रव्य व मूळचा तपकिरी वर्ण यांमुळे ते बाहेरचा रंग सहजी स्वीकारत नाही. ते पॉलिशला योग्य. शिवण व काळा कुडा ही फिकट लाकडे रंग घेतात. हळदूचे लाकूड मूळचेच पिवळसर, तर तेंदूचा गाभा काळा असतो. लोहक्षार व हिरड्यातील टॅनिन यांच्या संयोगाने लाकूड काळे करता येते आणि खैराच्या काताने तपकिरी. दुसऱ्या शब्दांत, रंगभेदाने शोभा आणण्यासाठी लागणारी जवळजवळ सारी सामग्री या प्रदेशात होती. तरीही येथे जडावापेक्षा लेपाची परंपरा बलवान ठरली. सणाच्या बैलाला मागणी ठरावीक दिवसांची, किंमत मर्यादित आणि दुरून नजरेत भरण्याची गरज मोठी. अशा वस्तूला लेपच परवडतो, असे आर्थिक कारण यामागे दिसते.

६. कृत्रिम रंगांचे आगमन आणि त्याचे परिणाम

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. १८६३ मध्ये नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा अजब बंगला, स्थापन झाले. डिसेंबर १८६५ मध्ये येथे कला, कारागिरी व उत्पादनांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. प्रादेशिक कारागिरीची शासकीय दखल आणि परदेशी मालाला खुला झालेला मार्ग या दोन गोष्टी अशा एकाच दशकात घडल्या. जी राजवट देशी कसबाचे नमुने काचेच्या कपाटात मांडत होती, तिच्याच व्यापारव्यवस्थेने त्या कसबाचे द्रव्य बदलले, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

कृत्रिम रंगांमुळे काय बदलले? पूर्वी रंग तयार करणे हा चितारीच्या विद्येचाच भाग होता. हिंगूळ खलणे, हरताळ धुणे, काजळी धरणे, डिंक वा सरसाचे प्रमाण ठरवणे ही कामे शिकावी लागत. तयार पूड व पुढे तयार तैलरंगाचा डबा आल्यावर या ज्ञानाची गरज उरली नाही. सुतार स्वतःच रंगाचा हात मारू लागला, तर चितारी वेगळा राहण्याचे आर्थिक कारण संपते. रंग स्वस्त झाला, विविध झाला आणि सर्वांना उपलब्ध झाला. त्याच वेळी तो कोणत्या झाडाचा, कोणत्या जंगलाचा हे सांगणारा दुवा तुटला.

तथापि या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. जुने रंग सारेच निरुपद्रवी होते, हा समज चुकीचा आहे. हिंगूळ हे पाऱ्याचे, हरताळ हे आर्सेनिकचे आणि शेंदूर हे शिशाचे संयुग होय. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूवर ही द्रव्ये असणे घातकच होते. हळद व पळसफुलांचे रंग निरुपद्रवी खरे, पण उन्हात लवकर विटणारे. आरंभीचे कृत्रिम रंगही अनेकदा विटके निघाले आणि पुढील तैलरंगांत शिशाची संयुगे आलीच. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम ही विभागणी पुरेशी नाही. द्रव्य कोणते आणि त्याचे ज्ञान कोणाकडे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

नागपूरच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाला विशेष धार आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत तेल व रंग-लेपांचे शास्त्र अनेक दशके शिकवले गेले. २०२३ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एकाच शहरात लेपांचे शास्त्र आणि लेपांची कारागिरी नांदत आली आहे. प्रयोगशाळेची भाषा लिखित आहे, तर सुताराची व चितारीची मौखिक. आणि जे मौखिक आहे तेच आधी हरवते.

साधनांची स्थितीही चिंताजनक आहे. अनेक घरांत जुना लाकडी बैल पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो, परंतु सणापूर्वी त्यावर नवा रंग चढतो. भक्तीने दिलेला प्रत्येक नवा हात जुन्या पुराव्यावरील आवरण ठरतो, आणि रंग खरवडून नव्याने दिला तर तो पुरावा कायमचाच जातो. शिलालेख वा दप्तर जपण्याची जाणीव समाजात रुजली आहे. खेळण्याच्या रंगाचा थर हेही ऐतिहासिक साधन आहे, ही जाणीव अद्याप रुजावयाची आहे.

७. निष्कर्ष

१. लाकडाचा रंग दाखवणे आणि लाकडावर रंग दाखवणे या दोन पद्धतींतील भेद प्राधान्याने कामाच्या क्रमातून निर्माण होतो. घासणी आधी असेल तेथे लेप शक्य होतो. रंग आधी असेल तेथे तो लाकडाच्या अंगातच असावा लागतो. सावंतवाडीची लाखकांडी, म्हैसूरचा जडाव आणि पट्ट्यांची कयाक यांना हा एकच निकष लावता येतो.

२. पहिल्या क्रमामुळे सुतार व चितारी अशी श्रमविभागणी संभवली. दुसऱ्या क्रमात दोन्ही ज्ञाने एका हाती एकवटावी लागतात.

३. कृत्रिम रंगांनी विदर्भातील लाखेचा रंग बाजारातून हटवला, पण तिची राळ टिकली. रंगवलेला बैल आणि पॉलिश केलेला बैल हे या विभागलेल्या वारशाचे दोन साक्षीदार होत.

४. जुनी द्रव्ये निर्दोष नव्हती. म्हणून पुनरुज्जीवनाचा आग्रह धरताना द्रव्यांची चिकित्सा आवश्यक आहे. जपावयाचे आहे ते मुख्यतः लाकूड, द्रव्य व क्रम यांचा मेळ घालणारे कारागिरांचे ज्ञान.

५. वृद्ध कारागिरांच्या मुलाखती, जुन्या बैलांवरील रंगथरांचे परीक्षण आणि स्थानिक लाकडांवरील लाखरंगाचे प्रयोग ही कामे इतिहास, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी मिळून हाती घेण्याजोगी आहेत. महाविद्यालयीन स्तरावर, फारशा खर्चाशिवाय ती होऊ शकतात. पुढच्या तान्हा पोळ्याला एखाद्या जुन्या बैलावर नवा हात चढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र व रंगांची नोंद घेतली गेली, तर या अभ्यासाची सुरुवात तेथूनच होईल.